रुळांवरचे प्रश्न: पाऊस, ऊन आणि लोकलची दारं

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. या महिन्यातही निम्मी पत्रं दरडींबद्दलची आहेत. माझी नोकरी सगळी पी-वेमध्ये, म्हणजे रूळ, खडी, पूल आणि कटिंग (डोंगर कापून काढलेली रुळांची वाट) यांच्या देखभालीत गेली. त्यामुळे उत्तरंही जमिनीच्या पातळीवरूनच येणार, हे गृहीत धरा.

प्रश्न: कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन पंचवीस वर्षं उलटली. तरी दर पावसाळ्यात गाड्या रडतखडत चालतात. इतकं संशोधन होतं म्हणतात, ते जातं कुठे? (एक वाचक, चिपळूण)

तुमचा वैताग समजतो, मीही त्याच गाड्यांनी येतो-जातो. पण गाडी हळू चालवणं हा त्या संशोधनाचाच निष्कर्ष आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडाला धडकून पुलावरून खाली गेली. आज जे पावसाळी वेळापत्रक तुम्हाला टोचतं, त्यातली शिस्त या दोन अपघातांनंतर आली.

हिशेब सोपा आहे. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग गुणिले वेग यावर ठरतं. ताशी ११० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला जेवढं अंतर लागतं, त्याच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शात ४० ने धावणारी गाडी उभी राहते. कोकणातल्या कटिंगमध्ये वळणामागचं दिसत नाही आणि धो-धो पावसात समोरचंही दिसत नाही. म्हणून मुसळधार पावसात नजर पोचेनाशी झाली की वेग ४० वर आणायचा, असा लोको पायलटला हुकूम असतो.

आता दरड मुळात येते का ते पाहू. रत्नागिरीच्या खाली जाल तसा वर जांभा, त्याखाली शेडी म्हणजे मऊ चिकणमाती आणि त्याखाली कातळ, अशी रचना बऱ्याच ठिकाणी मिळते. जांभा पाणी पितो. ते पाणी शेडीवर येऊन अडतं, शेडी लोण्यासारखी होते आणि वरचा सगळा भार हळूच पुढे सरकतो. वरच्या अंगाला, रत्नागिरी ते महाड पट्ट्यात, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तिथे माती धुपून जाते आणि वरचा धोंडा अधांतरी राहतो. उपाय दोन्हीकडे वेगळे. धोंडे सुटे असतील तर जाळ्या आणि बोल्ट. माती घसरत असेल तर जाळीचा काही उपयोग नाही, तिथे उतार मंद करायचा आणि मुख्य म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पाणी कटिंगमध्ये शिरण्याआधीच गटार काढून वळवायचं. जाळीचा फोटो छान येतो. माथ्यावरचं गटार कोणाला दिसत नाही, पण माझं मत विचाराल तर पैसा आधी तिथे घालावा.

यंत्रणाही बसवलेल्या आहेत. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवलीपासून खाली उडुपीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावर आणि मांडवी, जुवारी, शरावतीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजतात. काळ, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी चढलं की इशारा मिळतो. तरीही सगळ्यात कामाचा असतो तो रात्री कंदील-बॅटरी, झेंडे आणि गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके घेऊन बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या टप्प्यावर, चालत गस्त घालणारा पॅट्रोलमन. जुना, मुरलेला गडी डोंगराकडे कमी आणि गटाराकडे जास्त बघतो. काल नितळ वाहणारं पाणी आज गढूळ झालं, म्हणजे डोंगर आतून माती सोडतोय. आणि पाऊस धरलेला असताना गटार कोरडं पडलं, तर वर कुठेतरी पाणी तुंबलंय. दुसरी खूण पहिलीपेक्षा वाईट.

एवढं करूनही २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात तळातून पाणी उसळलं आणि वाहतूक थांबवावी लागली. त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. गाड्या रद्द झाल्या, लोक स्टेशनांवर ताटकळले, मलाही चार फोन आले. पण २००४ सारखी बातमी आली नाही. वेळापत्रकाचं म्हणाल तर, पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. उतारांवरची कामं होत गेली की ही मुदत अशीच कमी होत जाणार.

प्रश्न: लहानपणी गाडीचा खडाक-खडाक आवाज यायचा, तो बंद झाला. रुळांना उन्हात वाढायला फट लागते असं शाळेत शिकलो होतो. मग आता ती वाढ जाते कुठे? (एक निवृत्त शिक्षक, जळगाव)

कुठेच जात नाही सर, रुळातच कोंडून राहते. पूर्वी १३ मीटरचे रूळ फिशप्लेटने, म्हणजे बोल्ट लावलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, जोडायचे. आता कित्येक किलोमीटर सलग वेल्डिंग असतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि त्याचं तापमान ३० अंशांनी वाढलं, तर तो साधारण साडेचौतीस सेंटिमीटर लांब होईल. त्याला तसं होऊ दिलं नाही, तर तोच जोर दाब म्हणून आत साठतो. मीटरला ६० किलोच्या रुळात एका अंशाला जवळजवळ दोन टन, म्हणजे ३० अंशांना ५७ टन. हा एका रुळाचा हिशेब झाला.

तो दाब सांभाळतात स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे), रूळ त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि खडी. म्हणून रूळ टाकताना मधल्या तापमानाला ताण शून्यावर आणून मग पक्का करतात. आमच्यात त्याला डिस्ट्रेसिंग म्हणतात. तुमच्या जळगावात हवा ४४ अंशांवर असते तेव्हा रूळ साठी ओलांडतो, हात लावून बघायच्या भानगडीत पडू नका. अशा दुपारी ट्रॅकमन रुळावर नजर ठेवत फिरतात, कारण स्लीपरच्या टोकाशी खडी कमी पडली असेल तर रूळ बाजूला वाकतो, आणि तो क्षणात वाकतो. थंडीत उलटं. रूळ आखडतो, वेल्डिंग कच्चं असेल तर तडा जातो. जानेवारीतल्या पहाटे 'रुळाला तडा, लोकल उशिरा' ही बातमी वाचता ना, त्यामागे हेच असतं. घराच्या अंगणात पसरायला लाइनीवरची खडी उचलून नेणारे लोक मी पाहिलेत. त्या पाटीभर खडीचं मोल त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न: बायो-टॉयलेटचा एवढा गाजावाजा झाला, पण वास पूर्वीपेक्षा जास्त येतो. जुनी पद्धत काय वाईट होती? (एक वाचक, सोलापूर)

डब्यात बसणाऱ्याला कदाचित नव्हती. खाली आम्ही होतो. मैला आणि पाणी रुळाच्या पायावर सांडायचं, क्लिपेखालच्या लायनरपाशी, म्हणजे पातळ पट्टीपाशी, साचायचं आणि तिथेच गंज धरायचा. वरून ठणठणीत दिसणारा रूळ क्लिप काढून पाहिला तर पायाशी खाल्लेला निघायचा. ट्रॅकमनने तिथे हाताने काम करायचं, हे तर वेगळंच. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने २०१२ मध्ये या उघड्या संडासांवर बोट ठेवलं, त्यामागे गंज आणि ट्रॅकमनचे हाल ही दोन्ही कारणं होती.

बायो-टॉयलेटमध्ये मैला रुळावर न पडता डब्याखालच्या टाकीत जातो. टाकीतले जिवाणू ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केलेले आहेत. हवेविना ते मैल्याचं पाणी आणि वायू करतात. त्यांना चालत नाहीत त्या दोन गोष्टी आपण त्यांना हमखास देतो. एक म्हणजे कडक ॲसिड-फिनाईल आणि दुसरी बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड. पुडी अडकली की टाकी तुंबली आणि मग वास. कचऱ्याचा डबा संडासाच्या आत हवा, हे मात्र रेल्वेचं काम. डबा हाताशी नसताना प्रवाशाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. 'कवच' असेल तर अपघात होणारच नाहीत का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

काही प्रकारचे होणार नाहीत, सगळे नाही. 'कवच' ही गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांबरोबर विकसित केली आणि २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. रुळांमध्ये बसवलेल्या टॅगवरून इंजिनाला आपण नेमके कुठे आहोत ते कळतं, स्टेशनच्या यंत्रणेकडून रेडिओवर पुढच्या सिग्नलची माहिती मिळते, आणि ड्रायव्हरने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केलं किंवा वेग ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतो. पण रुळावर पडलेला धोंडा रेडिओवर बोलत नाही. वर चिपळूणच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाच, 'कवच' बसलं तरी तो पॅट्रोलमन लागणारच आहे. इंजिनिअरिंगला जायचा विचार असेल तर सांगतो, सिग्नलकडे सगळेच वळतात. माती आणि पाणी यांच्याकडेही बघ.

प्रश्न: साध्या लोकलला बंद दारं लावणार म्हणतात. आम्ही गुदमरून मरायचं का? (एक प्रवासी, बदलापूर)

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडून जीव गेले, त्यानंतर हा निर्णय झाला. दारांना हवा येण्यासाठी झडपा, छतावर ताजी हवा आत ओढणारी यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जायला वाट, असा आराखडा जाहीर झाला आहे. हवेचा प्रश्न त्यातून सुटू शकतो. मला काळजी आहे ती सेकंदांची. गर्दीच्या वेळी लोकल स्टेशनात अर्धा मिनिटही धड थांबत नाही. एकाची बॅग दारात अडकली, दार लागलं नाही, गाडी हलली नाही, की मागच्या चार गाड्या खोळंबल्या. दार बंद करण्याइतकाच ती वेळ भरून काढण्याचा अभ्यास व्हायला हवा. तो झाला नाही तर लोकच दारात पाय घालून ही योजना हाणून पाडतील. दार मात्र हवंच, यावर माझं दुमत नाही.

प्रश्न: आमचं शेत लाइनीला लागून आहे. रूळ तुटलेला किंवा माती आलेली दिसली तर कोणाला सांगायचं? (एक शेतकरी, संगमेश्वर तालुका)

आधी सगळ्यात जवळचा विजेचा खांब बघा. त्यावर वर एक आणि खाली एक असे आकडे असतात. वरचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरमधला खांब. ते आकडे घेऊन १३९ ला फोन करा, किंवा जवळ फाटक असेल तर गेटमनला गाठा, तो थेट स्टेशन मास्तरला कळवतो. 'आमच्या आंब्याच्या बागेमागे' असं सांगितलंत तर शोधण्यातच वेळ जाईल. गाडी येताना दिसली तर रुळापासून लांब, ड्रायव्हरला दिसाल अशा जागी, गाडीच्या दिशेने शक्य तेवढं पुढे जाऊन उभे राहा. दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा, हातात कापड असेल तर ते जोरजोराने हलवा, रात्री बॅटरी हलवा. कापड लालच हवं असं नाही. ड्रायव्हर ती खूण ओळखतो.