पोर्टलवर शंभर टक्के, वहीत काहीच नाही

“मॅडम, सुरुवातीला न सांगता लॉगिन करायचा. आता मोबाइल दिवसभर हातात, पण कॉलेजचं पोर्टल उघड म्हटलं की अंगावर येतो. आळशी झालाय का हो?” नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचा प्रश्न. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. चार दिवस कॉलेज, दोन दिवस घरून व्हिडिओ. हीच काळजी घेऊन नाशिकरोड, सातपूरकडूनही पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात.

ओंकारला (नाव बदललंय) मी पोर्टल उघडायला लावलं. सगळे व्हिडिओ शंभर टक्के!

“दुप्पट स्पीडला लावतो, म्यूट करतो नि जेवायला बसतो,” तो शांतपणे म्हणाला. “बघून करायचं काय? सर वर्गात तेच पहिल्यापासून घेतात. ओव्हरहँगिंग बीममध्ये, म्हणजे आधाराच्या बाहेर आलेल्या तुळईत, बेंडिंग मोमेंटचं अधिक-उणे चिन्ह मध्येच का बदलतं, हे पोर्टलवर विचारलं होतं. कुणी बघितलंसुद्धा नाही.”

आता याला आळस कसा म्हणायचा? शंका लिहून विचारणारा मुलगा आहे हा. माहिती-प्रणालींचे अभ्यासक अनोल भट्टाचार्जी यांनी 2001 मध्येच मांडलं होतं की एखादी संगणकीय सोय माणूस पुढे वापरत राहतो ती उपयोग जाणवला आणि अपेक्षेइतकं पदरात पडलं तर. पहिलं लॉगिन धाकानेही होतं, पन्नासावं होत नाही.

म्हणून वेळापत्रकाच्या भानगडीत पडलोच नाही. ठरलं एवढंच: वर्गात उद्या जे येणार तेवढाच व्हिडिओ बघायचा, अडलं तिथला मिनिट वहीत टिपायचा आणि ती शंका वर्गात विचारायची. त्याच्या परवानगीने वर्गशिक्षकांशी बोलले; तासाची पहिली दहा मिनिटं शंकांना द्यायला ते तयार झाले. (सगळेच होत नाहीत. तेव्हा दोघातिघा मित्रांनी मिळून शंका सोडवणं हा मार्ग उरतो.) आईला म्हटलं, “ताई, ‘किती टक्के झालं?’ विचारूच नका. ‘आज कुठे अडलं?’ विचारा.” झोप, जेवण, मित्र हेही सुटत चाललं असतं, तर मात्र पोर्टल बाजूला ठेवून आधी मनाची तपासणी करायला सांगितली असती.

पुढच्या भेटीत वहीत ‘12:40, चिन्ह?’ असं लिहिलेलं होतं आणि खाली सरांनी काढून दिलेली आकृती. बीमचे व्हिडिओ आता तो थांबवून थांबवून बघतो. पर्यावरणाचे अजून म्यूटवरच चालतात.