"मॅडम, मला मेकॅनिकल जमतच नाहीये"

सेमिस्टरचा रिझल्ट लागला की पंधरा दिवसांत हे वाक्य माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, समोरच्या खुर्चीत येऊन बसतं. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली, बरेचसे शाळेत गणितात पुढे असलेले, आणि सगळ्यांचं म्हणणं तेच, माझी ब्रांचच चुकली. इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. खालचा मुलगा म्हणजे खरं तर अनेक मुलं आहेत, तपशील बदललेत, आणि सात-आठ भेटी दोन-तीन संवादांत कोंबल्यात.

तो आला तेव्हा तीन विषय राहिले होते. थर्मो म्हणजे उष्णतेचं थर्मोडायनॅमिक्स, एसओएम म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, आणि फ्लुइड मेकॅनिक्स.

"अभ्यास करतोस?"

"करतो ना मॅडम, हे बघा." जाडजूड वही काढली. न्यूमेरिकल्स ओळीने सोडवलेली, सुबक अक्षर, उत्तराला चौकट.

"मग पेपरात काय होतं?"

"आकडे बदलले तर येतं. आकृती बदलली की डोकं बंद."

हे वाक्य मी टिपून घेतलं आणि, कबूल करते, दोन भेटी त्याकडे लक्षच दिलं नाही. मी विवेकनिष्ठ विचारांची, माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी तपासायचं ही माझी सवय. त्याचं बोलणं होतं, "पहिल्यांदा वाचून कळलंच पाहिजे, नाही कळलं म्हणजे मी ढ." हे 'च' फार छळतात. मी म्हटलं एन्ट्रॉपी, थर्मोमधली ती अवघड कल्पना, तुला कळत नाही ना, मग ती शोधणाऱ्यांना किती वेळ लागला ते बघून ये. पुढच्या वेळी आला तो हसतच. कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली वाफेच्या इंजिनावर लिहिलं, तेही उष्णता म्हणजे न संपणारा एक द्रव आहे असं धरून, आणि जर्मन शास्त्रज्ञ क्लॉझियसने एन्ट्रॉपी हा शब्द दिला १८६५ ला.

"४१ वर्षं, मॅडम!"

"आणि तुला किती लेक्चरं मिळाली?"

"चार."

चेहरा मोकळा झाला, पण मोकळ्या चेहऱ्याने न्यूमेरिकल सुटत नाही. म्हणून चौथ्या भेटीत मी वही बंद करायला लावली आणि म्हटलं, मी आर्ट्सची, मला शिकव.

त्याने दोन पुस्तकांवर पट्टी आडवी ठेवली. हा बीम म्हणजे तुळई, याच्यावर सगळीकडे सारखं वजन. आणि झटकन लिहिलं, मध्यभागी बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८ (डब्ल्यू म्हणजे दर एकक लांबीवरचं वजन, एल म्हणजे लांबी).

"हा ८ कुठून आला?"

"फॉर्म्युलाच आहे तो."

मी पट्टी उचलली, एक टोक टेबलावर दाबून धरलं, दुसरं हवेत. "आता?" त्याने परत बाय ८ लिहिलं, जरा थांबला, खोडलं. "इथे टोकाला बाय २ असतं." का? गप्प. पाठ होतं.

"बरं, पाठ केलेलं राहू दे. पुस्तकांवरच्या पट्टीच्या आत, मधोमध काय चाललंय ते बघायचं कसं?"

"कापायचं. म्हणजे मनातल्या मनात." त्याने डावा अर्धा तुकडा काढला, आधाराचा बाण वर, वजनाचे बाण खाली, आणि कापलेल्या जागी येऊन पेन्सिल थांबली. चांगली मिनिटभर थांबली. मी काही बोलले नाही (हे न बोलणं शिकायला मला बरीच वर्षं लागलीत). मग तो हळूच म्हणाला, "इथे काय दाखवायचं ते मला कधी कळलंच नाही. मी नेहमी पुढची ओळ बघून लिहितो."

"उजवा तुकडा तू काढून टाकलास. तो जागेवर असताना याला काय करत होता?"

पट्टी हातात घेऊन वाकवली, सरळ केली. "फिरू देत नव्हता." आणि कापलेल्या जागी एक वळलेला बाण काढला. आधारामुळे डब्ल्यू एल स्क्वेअरचा पाव, त्यातून वजनाचा एक अष्टमांश वजा, उरला एक अष्टमांश, आणि तो ८ कागदावर आपोआप आला. त्याच्या तोंडून निघालं, "अरेच्चा."

खरी गंमत पुढे झाली. वही उघडून तो पानं उलटायला लागला. "मॅडम, टर्बाइनला पण तुटक रेघेची बाउंडरी काढतात आणि रेघ ओलांडून काय आत येतं, काय बाहेर जातं तेवढंच मोजतात, वाफ, उष्णता, वर्क. पाइपच्या बेंडलाही तेच. मी तिन्हीकडे ती रेघच मारत नाही, डायरेक्ट फॉर्म्युला." म्हणजे राहिले होते विषय तीन आणि अडलं होतं एकाच जागी! मी त्याच्या मनाची बाजू धरून बसले होते आणि उत्तर त्याने पहिल्याच दिवशी दिलं होतं, आकृती बदलली की. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक पट्टी कायम असते आणि तिचा मला थोडा गर्व आहे, असू दे.

तर ज्यांचं हेच चाललंय त्यांना सांगते. 'मेकॅनिकल जमत नाही' हे वाक्य इतकं मोठं आहे की त्यावर कोणीच काही करू शकत नाही, सरही नाही, मीही नाही. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नका, वाचताना सगळंच कळल्यासारखं वाटतं. उत्तर झाका, आधी आकृती काढा, आणि पेन्सिल जिथे थांबते तिथे एका वाक्यात लिहा की मी इथे का थांबलो. ते वाक्य घेऊन सरांकडे जा, "काहीच कळलं नाही" घेऊन नको. लॅबमध्ये रीडिंग घ्यायच्या आधी किती येईल याचा अंदाज लिहून ठेवा, चुकला तर उत्तमच.

ब्रांच खरंच चुकलेली असूही शकते, तशीही मुलं पाहिलीत. पण विषय आवडत नाही की विषयात अपमान होतोय, हे आधी वेगळं करा आणि मगच ठरवा. आणि झोपच उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही, आजच घरच्यांना, समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना सांगा.

त्याचे एसओएम आणि फ्लुइड सुटले, थर्मो परत द्यावा लागला आणि त्यावरून तो चांगलाच चिडला होता. मध्यंतरी त्याने वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "इथे थांबलो : बाहेर पडणाऱ्या वाफेचा वेग हिशोबात धरायचा की सोडायचा?" मला काय कळणार, म्हटलं सरांना विचार.

"विचारून आलोय," त्याचा रिप्लाय, "तुम्हाला नुसतं दाखवायला पाठवलं."