'एंगेजमेंट'ला सहभाग म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांच्या संगीतसत्रासाठी मराठी नोंदपत्रक करायचं आहे. त्यात 'एंगेजमेंट'साठी 'सहभाग' लिहिलं तर चालेल, की 'तल्लीनता' बरी?

दोन्ही नकोत. 'सहभाग' तर मुळीच नको, कारण तो शब्द पुढे लागणार आहे. ब्रिटनमध्ये ओरी मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या 'मिडास' या मापनपट्टीत, म्हणजे स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती संगीतात कितपत गुंतली हे नोंदवायच्या पत्रकात, पाच बाबी आहेत. प्रत्येकीसाठी एक रेघ, तिच्यावर खूण करायची. मराठीत त्यांना रस, प्रतिसाद, पुढाकार, सहभाग आणि आनंद म्हणता येईल. पाचांतल्या एकीचंच नाव अख्ख्या पत्रकाला दिलं, की नोंद करणाऱ्या ताई 'टाळ्या वाजवल्या का, गायल्या का' एवढंच बघतात आणि डोळे मिटून नीट ऐकणाऱ्या आजींची खूण शून्याला टेकते.

'तल्लीनता' उलट बाजूने फसवते. तो वरच्या टोकाचा शब्द. 'थोडी तल्लीनता' असं कोणी म्हणत नाही, आणि मोजायचं तर थोडं-जास्त म्हणता आलं पाहिजे. शिवाय या आजारात औदासीन्य बऱ्याचदा असतं. शून्यात नजर लावून बसलेला माणूस लांबून तल्लीनच दिसतो. राहिलं काय, तर संलग्नता कॉलेजांची असते, गुंतवणूक बँकेत असते आणि साखरपुडा आपण सोडून देऊ.

माझं मत 'रमणे'ला. "आज आजी कितपत रमल्या?" हा प्रश्न कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मुळीच नाही, जरा वेळ, बऱ्यापैकी, अगदी छान, हे सगळे अंश त्याला लागतात, आणि गप्प बसूनही रमता येतं. नाम हवं असेल तर 'रमणं' पुरे. 'रमणूक' घडवू नका. लोक 'करमणूक' वाचतील.

आतल्या शब्दांत प्रतिसाद आणि पुढाकार यांची गल्लत हमखास होते, म्हणून पत्रकावरच उदाहरणं छापा. गाणं लागल्यावर ठेका धरला, तर प्रतिसाद. गाणं संपल्यावर आपणहून पुढचं कडवं म्हटलं, झांज मागून घेतली, किंवा "हे नको, दुसरं लाव" म्हटलं, तर पुढाकार. नापसंती हाही पुढाकारच. फक्त आनंदाच्या रेघेवर तेव्हा खूण खाली येईल.

'ठेका' लिहितानाही जपून. पार्किन्सनचा कंप असला तर हात विसावलेला असताना बोटं सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा हलतात आणि ते तालात चाललंय असं वाटतं. गाणं थांबवून बघा, किंवा लय बदला. ठेका थांबेल वा बदलेल. कंपाला गाण्याशी देणंघेणं नसतं. याच आजारात चेहरा निर्विकार होतो, म्हणून आनंदाची व्याख्या 'हसणे' अशी करू नये. आणि सगळ्याआधी श्रवणयंत्राची बॅटरी बघा, नाहीतर 'रस नाही' अशी नोंद होईल.

मिडासमध्ये आकडा लिहायचा नसतो. 100 मिलिमीटरच्या आडव्या रेघेवर खूण करायची आणि मग पट्टीने मोजायची. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर रेघ आखूड होते आणि दोन महिन्यांच्या नोंदींची तुलना बिघडते. टोकांना 'मुळीच नाही' आणि 'पुरेपूर' लिहा. 'उत्तम' लिहिलंत तर गळ्याला गुण दिले जातील.

कॅनडातली 'म्युझेक्यू' प्रश्नावली मात्र वेगळी. तिचे 35 प्रश्न एका सत्राबद्दल नाहीत, रोजच्या जगण्यात संगीत कितपत आहे याबद्दल आहेत. तिथे 'रमणे' तोकडं पडतं. 'संगीताची ओढ' म्हणा. ही प्रश्नावली व्यक्तीला स्वतः भरता येते किंवा जवळच्या माणसाला. त्यामुळे इंग्रजीत न येणारी अडचण मराठीत येते : 'मी गुणगुणतो', 'मी गुणगुणते' आणि 'ते किंवा त्या गुणगुणतात', अशी वेगवेगळी पत्रकं छापावी लागतील. एकच हवं असेल तर वाक्य फिरवा : 'दिवसभरात गुणगुणणं किती वेळा होतं?'