राडारोडा टाकू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. उत्खननात शेजारच्या चरात जुनी फरशी लागली आणि तुझ्या चरात दोन आठवडे नुसता राडारोडा, म्हणून तू खट्टू झाली आहेस. उत्तर इंग्लंडातल्या एका चॅपेलची, म्हणजे खासगी प्रार्थनाघराची, हकीकत सांगतो.

डरहम परगण्यात बिशप ऑकलंड नावाचं गाव आहे. तिथल्या ऑकलंड कॅसलमध्ये अँटनी बेक या बिशपने १३०० च्या सुमारास दुमजली चॅपेल बांधलं. डरहमचे बिशप सैन्य बाळगत, नाणी पाडत; त्यांचं देवघरही तसंच. आतून ४० मीटर लांब, १२ मीटर रुंद, भिंती काही ठिकाणी दीड मीटर जाड! पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं, बिशपपदच रद्द झालं. वाडा पार्लमेंटच्या बाजूच्या आर्थर हेसलरिगकडे गेला आणि १६५० च्या दशकात त्याने चॅपेल पाडलं. सुरुंगाची दारू लावून, असं म्हणतात. जमिनीवर काही उरलं नाही. चॅपेल होतं हे कागदोपत्री ठाऊक होतं, नेमकं कुठे ते साडेतीनशे वर्षं कळत नव्हतं. डरहम विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी खणून पाया, फरशीचा काही भाग आणि भिंतींचे बाहेरचे टेकू शोधले. २०२० मध्ये ते जाहीर झालं.

पाडणारा माणूस घडीव दगड सोडत नाही, त्याला गिऱ्हाईक असतं. मागे राहतात कपऱ्या आणि चुना, म्हणजेच तुझा राडारोडा. पायाचे दगडसुद्धा उपसून नेले, तरी त्यांची खाच राहते आणि तिच्यातली भर भोवतालच्या मातीपेक्षा भुसभुशीत लागते. तिथे हात आवर. चुन्याचा गोळा उलटून पाहा: सपाट बाजू दगडाला चिकटलेली होती, की तो आतला गिलावा आहे? गिलावा असेल तर रंगाचा अंश शोध.

माझ्या पहिल्या उत्खननात असा थर मी दोन दिवसांत उपसला, पाटीमागून पाटी, काही न नोंदता. खाली काहीच नव्हतं. त्या इमारतीचं जे उरलं होतं ते त्या पाट्यांतच गेलं. ती हळहळ अजून जात नाही.

उद्या सकाळी माती ओलसर असतानाच चराची उभी बाजू घासून घे, रंगातले फरक तेव्हा स्पष्ट दिसतात. थरांचं रेखाटन पाठव. मी वाट पाहतो.