ऑर्गन काढला तर काय उरेल?

जुन्या रॉक गाण्यांत ऑर्गन म्हणजे नुसता भरणा, काढला तरी फारसं बिघडणार नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. रॉकमध्ये गाजलेल्या, लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली आणलेल्या ऑर्गनमध्ये मात्र हवा नाहीच. विजेच्या मोटरवर दातेरी चाकं चुंबकांसमोर फिरतात, त्यातून सूर निघतो. जोडीला लेस्ली स्पीकर असेल तर त्यातला कर्णाही फिरतो आणि सूर हेलकावे घेतो. पण खरी गोष्ट अशी की गिटारचा किंवा पियानोचा सूर वाजल्यापासून विरत जातो, ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत विरत नाही. नाट्यपदात गायकाच्या तानेखाली ऑर्गन जे करतो, तेच इथेही.

बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' घ्या. जून १९६५, न्यूयॉर्क. अल कूपर मुळात गिटारवाला, रेकॉर्डिंगचं सत्र बघायला आलेला. संधी साधून ऑर्गनवर जाऊन बसला. गाणं नीट माहीत नव्हतं, म्हणून बाकीचे कुठल्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) जातात ते ऐकून मग बोटं ठेवायचा. त्यामुळे ऑर्गन किंचित मागून येतो. निर्माता टॉम विल्सन म्हणत होता की हा काही ऑर्गनवादक नाही, तरी डिलननेच त्याचा आवाज वाढवायला लावला. ते मागून येणं काढून टाका, गाण्याचा डौलच बदलेल.

'अ व्हायटर शेड ऑफ पेल' (१९६७) तर कोर्टात गेलं! मॅथ्यू फिशरने वाजवलेला, जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा तो ऑर्गन संगीतरचनेचाच भाग आहे, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००९ मध्ये मान्य केलं. संगीताच्या हक्कात त्याचा वाटा ४० टक्के. भरण्याला कोणी एवढा वाटा देत नाही.

'द डोअर्स' या बँडकडे मंचावर बेसवादक (खालचे जाड सूर सांभाळणारा) नसायचा. रे मॅन्झारेक डाव्या हाताने कीबोर्डवर बेस आणि उजव्याने व्हॉक्स कंपनीचा ऑर्गन सांभाळायचा.

आणि 'डीप पर्पल' बँडचा जॉन लॉर्ड! त्याने हॅमंड ऑर्गन थेट गिटारचा आवाज वाढवणाऱ्या मार्शल अ‍ॅम्पला जोडला. आज हेडफोन लावून त्यांच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात ऐका. आधी एकटी गिटार आहे. थोड्या वेळाने तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) एकदम जाड होतो, आणि ती दुसरी गिटार नाही.