तंबू कुठे लावायचा, ओढा कधी ओलांडायचा

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला जाणाऱ्यांची गर्दी आता बाराही महिने असते. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा, तिला येऊन मिळणारे ओढे, साम्रदची सांदण दरी आणि भोवतीचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, हा सगळा पाण्याने कापून काढलेला मुलूख आहे. या भागातल्या मुक्कामाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत.

मार्चअखेरीस भंडारदरा धरणाच्या खालच्या बाजूला, प्रवरेच्या पात्रातल्या सपाट जागेवर तंबू लावायचा विचार आहे. उन्हाळ्यात नदीला पाणी नसतंच, मग हरकत काय? (सिडको)

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं ते मुळात शेतीच्या पाण्यासाठी. त्यामुळे प्रवरेला उन्हाळ्यातही आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाळीपाळीने सोडलेलं पाणी, सुटतात. रात्री कोरड्या दिसलेल्या पात्रातून पहाटे नदी वाहत असू शकते. एक हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. विसर्ग यापेक्षा कितीतरी मोठाही असतो. पाणी सोडताना वाजणाऱ्या भोंग्यावर विसंबू नका. वारा उलटा असला किंवा झोप गाढ असली, तर तो ऐकू येत नाही.

धरणाखाली पात्रात मुक्काम करूच नका. इतर कुठल्याही नदीकाठी जागा निवडताना आधी पाणी कुठवर चढून गेलंय ते शोधा. करंजाच्या किंवा निरगुडीच्या फांद्यांत वाळलेला पाचोळा, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतात. कधी त्या कमरेएवढ्या उंचीवर असतात, कधी डोक्याच्याही वर. खडकावर गाळाची फिकट रेघ असते. त्या खुणेच्या वर, आणि पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, म्हणजे साधारण ८० पावलांवर तंबू लावा. मऊ वाळूची सपाट जागा झोपायला छान वाटते खरी, पण ती तशी झाली आहे पुराच्या पाण्यानेच.

जागा ठरली की वर पाहा. वाळलेली फांदी किंवा आग्यामोहोळ असेल तर जागा बदला. अंधार पडण्याआधी तंबूपासून उंचावर जाणारी वाट एकदा चालून ठेवा. रात्री तीच वाट बॅटरीच्या उजेडात अनोळखी वाटते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे पाहायला जाणार आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी सांदण दरी उतरावी का? (इंदिरानगर)

वळवाचा एक जरी पाऊस झाला असेल किंवा घाटमाथ्यावर ढग जमले असतील, तर उतरू नका. सांदण म्हणजे कातळाला पडलेली खोल भेग आहे. काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच रुंदी आणि दोन्हीकडे सरळ कडे. वरच्या पठारावर पडलेलं पाणी याच फटीतून कोकणाकडे धावतं. आत असताना आकाशाची फक्त चिरोटी दिसते, त्यामुळे ढग आलेले कळत नाहीत. पाणी आलं तर बाजूला चढायला जागाच नसते. दरीची वेळ साधारण डिसेंबर ते मे. तेव्हाही वाटेत साचलेल्या थंड पाण्यातून जावं लागतं, म्हणून साम्रदचा वाटाड्या घ्या आणि त्या वर्षी पाणी किती आहे ते त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

काजवे पाहताना झाडं हलवू नका आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. एवढं केलंत तरी पुरे.

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडला आणि परतताना तो फुगलेला दिसला, तर काय करायचं? (नाशिकरोड)

थांबायचं. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर २०२२च्या ऑगस्टमध्ये पर्यटक अडकले, ते असेच परतीच्या वाटेवर.

आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही ओढा फुगतो, कारण पाऊस वर डोंगरात पडलेला असतो. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, पाण्याचा आवाज जाड झाला, की काही मिनिटांत लोंढा येतो. यातली एक खूण दिसली तरी सगळं सोडून उंच चढा.

पलीकडे अडकलात तर पाण्याच्या कडेला दगड ठेवून खूण करा आणि दर पंधरा मिनिटांनी पाहा. दगड बुडाला तर पाणी चढतंय, कोरडा पडत गेला तर उतरतंय. लहान ओढे पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा दोन-चार तासांत ओसरतात. घरचे वाट पाहत असतील म्हणून उडी घेणं हीच चूक जिवावर बेतते. त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या भटकंतीलाही सॅकमध्ये बॅटरी, एक वेळचं जास्तीचं खाणं आणि कोरडा कपडा असू द्या.

पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. वेगाचा अंदाज घ्यायला काटकी टाका. ती तुमच्या चालीपेक्षा जोरात गेली, तर गुडघ्याखालचं पाणीही पाडू शकतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. ओलांडायचंच असेल तर पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल तिथून, धबधब्याच्या वरच्या अंगाने कधीही नाही. बूट पायातच ठेवा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी समोर रोवलेली, एका वेळी एकच पाय उचलायचा. दोर कमरेला बांधू नका. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

थंडीत तंबूत छोटी गॅस शेगडी पेटवली तर चालेल का? (पंचवटी)

नाही. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागाही होत नाही. विझत आलेले निखारे घमेल्यात घालून आत घेणं तितकंच घातक. बाहेर शेकोटी करायची म्हणाल, तर अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम ३० नुसार बंदी आहे. गावातल्या घराच्या अंगणात, यजमानांना विचारून शेका. तंबूत उबेसाठी खाली जाड मॅट हवी, कारण थंडी जमिनीतून जास्त चढते.

सात वर्षांची मुलगी सोबत आहे. साप-विंचवाची भीती वाटते. (गंगापूर रोड)

तळ शिवलेला तंबू घ्या आणि त्याची चेन कायम बंद ठेवा. मण्यार रात्री फिरतो आणि उघड्यावर, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका. बूट घालण्याआधी उलटे करून झटका, अंधारात पाऊल बॅटरीशिवाय टाकू नका.

साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळपट्टी बांधणं यांतलं काहीही करू नका. अंगठी, पैंजण काढा. हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, चालायला लावू नका, १०८ला फोन करा. राजूर, अकोले, घोटी यांपैकी कुठल्या सरकारी दवाखान्यात सापाची लस आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. रेंज कुठे मिळते तेही गावात विचारा.

लाल विंचवाचं मुलांच्या बाबतीत जास्त भय. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर हृदयावर परिणाम होत असतो. त्यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरात आणलं आणि त्याने पुष्कळ मुलं वाचली. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं. घरून गोळी नेऊन देऊ नका.

ओढ्याचं पाणी पिता येईल? (सातपूर)

उकळून. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, चौपदरी कापडातून गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा. क्लोरीनची गोळी वापरणार असाल तर पाणी गाळल्यावरच टाका, गढूळ पाण्यात तिचा जोर वाया जातो. दिवसाला माणशी तीन लिटर धरा, उन्हाळ्यात चार. शौचाला पाण्यापासून ८० पावलं लांब जाऊन वीतभर खोल खड्डा घ्या आणि माती लोटा. खालच्या वाडीतली माणसं याच ओढ्यातून हंडे भरतात.