क्ष-किरण हाताशी असताना अवस्थांतरासाठी न्यूट्रॉन कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्फटिकाची रचना विभागातल्या क्ष-किरण यंत्रावर कळतेच, मग अवस्थांतराचा, म्हणजे तापमान बदलल्यावर पदार्थ एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जातो त्याचा, अभ्यास करायला लोक थेट अणुभट्टीपर्यंत का जातात? तिथे पडद्यावर नेमकं दिसतं काय? आणि आपल्याकडे मोठा स्फटिक नसून फक्त चार-पाच ग्रॅम भुकटी असेल तर काही करता येईल का?

मी बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण मुद्द्याचं आधी सांगते. क्ष-किरण तुम्हाला अवस्थांतराच्या अलीकडची आणि पलीकडची रचना दाखवतात. न्यूट्रॉन तेही दाखवतो, शिवाय बदल व्हायच्या कित्येक अंश आधीपासून स्फटिकाच्या आत काय शिजतंय, त्याची चाहूल देतो. हे त्याला जमतं, कारण त्याची तरंगलांबी आणि त्याची ऊर्जा या दोन्ही गोष्टी स्फटिकाच्या मापाच्या आहेत.

अणुभट्टीत विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन फार वेगवान असतो. पाण्यातल्या किंवा जड पाण्यातल्या अणूंवर आपटत आपटत तो खोलीच्या तापमानाला येतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण २,२०० मीटर उरतो, ऊर्जा २५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम. स्फटिकात अणूंमधली अंतरंही याच मापाची असतात, म्हणून विवर्तन होतं, म्हणजे ठरावीक कोनांवरच शलाका जोरात बाहेर पडते आणि मोजणीत तिथे शिखर दिसतं. इथपर्यंत क्ष-किरणही बरोबरीने येतात. फरक ऊर्जेत आहे. १.५ अँगस्ट्रॉमच्या क्ष-किरणाची ऊर्जा ८,००० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जाते, आणि स्फटिकातली कंपनं, म्हणजे फोनॉन, असतात काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचे. २५ मधले ५ गेले तर न्यूट्रॉनचा वेग चांगलाच बदलतो आणि तो बदल सहज मोजता येतो. ८,००० इलेक्ट्रॉनव्होल्टांतून ५ हजारांश इलेक्ट्रॉनव्होल्ट गेले तर? तीस टनांचा ट्रक वजनकाट्यावर चढवायचा आणि ड्रायव्हरच्या खिशातली तीन-चार नाणी मोजायची, असा तो प्रकार आहे. सिंक्रोट्रॉनवरची (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकावरची) खास यंत्रं आज हेही करतात, पण न्यूट्रॉनला ते मुळातच सोपं आहे.

आता ‘चाहूल’ म्हणजे काय ते एका पदार्थावर दाखवते. स्ट्रॉन्शियम टायटेनेट घ्या. घनाकार कोष्ठ (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा लहानात लहान ठोकळा), मध्यभागी टायटेनियम, त्याच्याभोवती सहा ऑक्सिजनांचा अष्टफलक. असे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून सगळ्या स्फटिकभर पसरलेले. १०५ केल्विनच्या आसपास हे अष्टफलक किंचित वळतात. कोपरे सामाईक असल्यामुळे एक उजवीकडे वळला की शेजारच्याला डावीकडे वळावंच लागतं, आणि म्हणून कोष्ठ दुप्पट होतो. हे वळणंही किती, तर अगदी ४ केल्विनपर्यंत नेलं तरी जेमतेम २ अंश.

हे वळणं अचानक कुठून येत नाही. तापमान जास्त असतानाही अष्टफलक तसेच डुलत असतात, फक्त प्रत्येक वेळी परत जागेवर येतात. तापमान उतरू लागलं की त्यांना जागेवर आणणारा जोर कमी कमी होतो, कंपन संथ होतं, त्याची कंप्रता (सेकंदाला किती वेळा डुलतं ती संख्या) घसरत जाते. ती शून्याला टेकली की अष्टफलक परत येतच नाहीत, वळलेलेच राहतात. त्यालाच आपण नवी अवस्था म्हणतो. या कंपनाला सॉफ्ट मोड म्हणतात. १९६० च्या सुमारास कॉक्रन आणि अँडरसन यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. स्ट्रॉन्शियम टायटेनेटमधलं हे विशिष्ट कंपन १०५ केल्विनकडे येताना मऊ पडताना शिराने आणि यामादा यांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या अणुभट्टीवर न्यूट्रॉनने मोजलं, आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. कंप्रतेचा वर्ग तापमानासमोर मांडला की जवळपास सरळ रेषा मिळते आणि ती अवस्थांतराच्या तापमानाजवळ शून्याकडे उतरते. पदार्थविज्ञानातल्या ज्या आलेखांसमोर मी अजूनही थांबते, त्यांतला हा एक.

मोजतात कसं, तर त्रि-अक्ष वर्णपटमापीवर. पहिल्या अक्षावरचा स्फटिक एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडतो, दुसऱ्या अक्षावर तुमचा नमुना, तिसऱ्यावरचा स्फटिक नमुन्यातून बाहेर पडलेल्यांची ऊर्जा तपासतो. तिन्ही कोन फिरवून तुम्ही ठरवता की कोणत्या दिशेच्या, किती तरंगलांबीच्या आणि किती ऊर्जेच्या कंपनाला भेटायचं. बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांनी १९५० च्या दशकात कॅनडात चॉक रिव्हर इथे हे यंत्र घडवलं. १९९४ चं नोबेल त्यांना आणि क्लिफर्ड शल यांना मिळून मिळालं.

पडद्यावर काय दिसतं, हे माझ्याच एका रात्रीवरून सांगते. नखाएवढा स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा स्फटिक ॲल्युमिनियमच्या खुंटीवर बसवलेला, खुंटी आणि डिंक न्यूट्रॉनला दिसू नयेत म्हणून कॅडमियमच्या पत्र्यात गुंडाळलेली. ॲल्युमिनियमच्या भिंतीतून न्यूट्रॉन जवळजवळ अडथळ्याशिवाय पार होतो, म्हणून थंड करायचं भांडं, भट्टी, दाबाचं पात्र, चुंबक, काहीही मध्ये ठेवता येतं. अवस्थांतराच्या कामात ही सोय फार मोलाची आहे. तरंगलांबी २.३६ अँगस्ट्रॉम लावली होती. आम्ही (१/२, १/२, ३/२) या जागी, म्हणजे ६० अंशांच्या कोनावर, थांबलो. कंसातले आकडे शिखराचा पत्ता सांगतात; मूळ कोष्ठाची शिखरं पूर्णांकी पत्त्यांवर येतात, अर्ध्यांवर नाही. कोष्ठ दुप्पट झाला की शिखर उगवायचं ते इथेच. त्याआधी तिथे काहीही असायला नको. तापमान १२० केल्विन, आणि तिथे स्वच्छ, टोकदार शिखर!

आमच्यातल्या एकाला वाटलं, या नमुन्यात अवस्थांतर वर सरकलंय. मी तापमान १५० वर नेलं, मग २०० वर. शिखर तसंच, उंचीही तीच. तेव्हा उलगडा झाला. पहिल्या अक्षावरचा, एकच ऊर्जा निवडणारा ग्राफाईटचा स्फटिक हवी ती तरंगलांबी तर पाठवतोच, शिवाय तिच्या निम्मी तरंगलांबीही त्याच कोनात पाठवतो. निम्म्या तरंगलांबीला (१/२, १/२, ३/२) च्या जागी (१, १, ३) चं नेहमीचं शिखर दिसतं. ती अडवण्यासाठी शलाकेत ग्राफाईटचा जाड ठोकळा गाळणी म्हणून ठेवतात, आणि तो आधीच्या प्रयोगात काढलेला होता. मी सुरुवातीला पाहून घ्यायला हवं होतं. ठोकळा घातला, १२० ला शिखर नाहीसं झालं. मग खाली उतरू लागलो. ११० ला अगदी बुटका, पसरट उंचवटा. १०७ ला तोच थोडा उंच, थोडा अरुंद. १०५ च्या खाली गेलो आणि त्याच्या मधून खरं शिखर उभं राहिलं, ते दर अर्ध्या अंशाला वाढत गेलं.

त्या पसरट उंचवट्याकडे नवखे लोक पार्श्वभूमी म्हणून दुर्लक्ष करतात. तसं करू नका. तो उंचवटा म्हणजे अजून जुन्याच अवस्थेत असलेल्या स्फटिकात नव्या अवस्थेची लहान लहान बेटं तयार होऊन विरत असल्याची खूण आहे. उंचवटा जितका रुंद तितकी बेटं लहान. अरुंद होत गेला की बेटं मोठी होतायत. म्हणजे त्या रुंदीतून तुम्ही बेटांचा आकार अँगस्ट्रॉममध्ये काढू शकता, आणि तो अवस्थांतराकडे जाताना कसा वाढतो हेही.

याच पदार्थात एक गोष्ट अशी निघाली की सॉफ्ट मोडचं साधं चित्र अपुरं ठरलं. १९७१ मध्ये नॉर्वेतल्या रिस्टे आणि सहकाऱ्यांना दिसलं की अवस्थांतराजवळ कंपनाच्या शिखरांखेरीज शून्य ऊर्जेवरही एक अतिशय अरुंद शिखर वाढतं. कंप्रता पूर्ण शून्याला पोचायच्या आधीच सगळा जोर तिकडे जातो. त्याला मध्यवर्ती शिखर म्हणतात. त्यात स्फटिकातल्या दोषांचा मोठा हात आहे असं मला पटतं, पण त्यावर लोकांनी दशकानुदशकं वाद घातलाय.

अवस्थांतराच्या खाली शिखराची उंचीही बोलकी असते. ती क्रम-परिमाणाच्या (नवी रचना किती रुजली त्या मापाच्या, इथे अष्टफलक किती वळले त्याच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तापमानागणिक तीव्रता मोजली की ते माप अवस्थांतराखाली कसं वाढतं हे सांगणारा बीटा हा घातांक हाती येतो. साध्या सरासरी सिद्धांतानुसार तो ०.५ हवा, त्रिमितीतल्या आयसिंग प्रारूपात (प्रत्येक अणूचा चुंबक फक्त वर किंवा खाली असू शकतो असं मानणाऱ्या गणितात) ०.३३ च्या जवळ, आणि द्विमितीत १/८. द्विमितीतलं गणित ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये सोडवलं होतं, पण असा पदार्थ असेल कुठे? पोटॅशियम कोबाल्ट फ्लोराईडमध्ये चुंबकीय कोबाल्टचे थर एकमेकांपासून इतके अलग आहेत की तो द्विमितीय असल्यासारखाच वागतो. न्यूट्रॉनने त्याचा बीटा मोजला तो १/८ च्या अगदी जवळ आला. कागदावर सोडवलेलं गणित एका खऱ्या खड्यात सापडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हा पदार्थ चुंबकीय आहे, आणि न्यूट्रॉनचं दुसरं मोठं बळ तिथेच आहे. त्याला स्वतःचं चुंबकीय परिबल असतं, म्हणजे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो, त्यामुळे अणूंची चुंबकीय रचना त्याला थेट दिसते. १९४९ मध्ये शल आणि स्मार्ट यांनी मँगॅनीज ऑक्साईडची भुकटी आधी खोलीच्या तापमानाला आणि मग ८० केल्विनला पाहिली. थंड भुकटीत जास्तीच्या रेषा आल्या, आणि त्या कोष्ठ दुप्पट धरला तरच बसत होत्या. एका मँगॅनीजचं परिबल वर, पुढच्याचं खाली: नेएल यांनी आधी मांडलेली प्रतिलोहचुंबकी रचना प्रत्यक्ष दिसली ती अशी.

तिसरी गोष्ट, न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतो, त्याला इलेक्ट्रॉन किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. क्ष-किरणांना लोह (२६) आणि कोबाल्ट (२७) जवळजवळ सारखेच. न्यूट्रॉनसाठी त्यांची प्रकीर्णन लांबी (अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती जोरात विखुरतं त्याचं माप) ९.४५ आणि २.४९ फेम्टोमीटर. म्हणून त्यांच्या मिश्रधातूत कोणता अणू कुठे बसतो हे ठरवणारं अवस्थांतर न्यूट्रॉनला उघड दिसतं. तेच हायड्रोजनबाबत. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये १२२ केल्विनच्या आसपासचं अवस्थांतर हायड्रोजन बंधाच्या दोन टोकांपैकी कोणत्या बाजूला बसतो यावर आहे, आणि हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातला तर ते तापमान जवळपास १०० केल्विनने वर जातं. अशा ठिकाणी हायड्रोजन नीट न दाखवणारी पद्धत काय कामाची?

उणिवाही आहेत. न्यूट्रॉनची शलाका क्ष-किरणांच्या तुलनेत फार क्षीण असते, त्यामुळे कंपनं मोजायला मोठा स्फटिक आणि बरेच दिवस लागतात. नमुन्यात कॅडमियम, गॅडोलिनियम, समेरियम किंवा बोरॉन असेल तर ते न्यूट्रॉन गिळतात. म्हणून उष्णताधारकता, क्ष-किरण आणि रामन (प्रकाश विखुरवून कंपनं पाहण्याची पद्धत) या मोजण्या आधी घरी करून घ्या. अवस्थांतर कुठे आहे हे ठाऊक नसताना अणुभट्टीवर वेळ मागणारा प्रस्ताव पाठवला तर मिळालेले दिवस शोधण्यातच जातात.

आता तुमची भुकटी. कंपनांचा मागोवा घ्यायला तिचा फारसा उपयोग नाही, कारण सगळ्या दिशा एकत्र मिसळतात. रचनेसाठी मात्र चार-पाच ग्रॅम पुष्कळ झाले. आज सगळे क्ष-किरणांसाठीही वापरतात ती रिटव्हेल्ड पद्धत (भुकटीच्या सगळ्या आलेखाशी गणिती रचना जुळवत नेण्याची रीत) मुळात १९६० च्या दशकात न्यूट्रॉनच्या भुकटी-विवर्तनासाठीच तयार झाली. भुकटी व्हॅनेडियमच्या डबीत भरतात, कारण व्हॅनेडियमची स्वतःची विवर्तनाची शिखरं नसल्यात जमा असतात. संयुगात हायड्रोजन असेल तर शक्य तिथे ड्यूटेरियम घालून बनवा, नाहीतर हायड्रोजनच्या विस्कळीत प्रकीर्णनाने पार्श्वभूमी इतकी वर येईल की बारीक शिखरं बुडतील. आणि मोजणी थंड करताना एकदा, तापवताना एकदा, अशी दोन्हीकडून घ्या, प्रत्येक तापमानाला नमुना स्थिरावेपर्यंत थांबून. दोन्ही वेळच्या तापमानांत फरक पडला आणि तीव्रतेत उडी दिसली, तर तुमचं अवस्थांतर पहिल्या क्रमाचं (फर्स्ट ऑर्डर) आहे, म्हणजे हळूहळू नव्हे, एकदम उडी मारून होणारं. मग मऊ पडणाऱ्या कंपनामागे लागण्याआधी दोन्ही अवस्था किती अंशांपर्यंत शेजारी शेजारी नांदतात ते पाहा.